रंगाची बाजू

जुनी खिडकी भिंतीतून सुटली तशी सुनीलने ती पायाने ढकलून अंगणात पाडली. ती घडवणारा हैबती सुतार तिथेच दगडावर बसला होता. सुनीलने ते बघूनच ढकलली.

“काय काका, या तुमच्या खिडक्या! शेळीने शिंग लावलं तरी उघडतील.”

“पंचवीस वर्सांत शेळी नाय आली रे,” हैबती म्हणाला. “चोर बी नाय आला.”

सुनील घणसोलीला एका गोदामात सुपरवायझर होता. कापडे गावात पाऊल टाकलं की तो साहेब व्हायचा. महाडहून त्याने नव्या खिडक्यांचा टेम्पो आणला होता आणि त्या बसवायला राहुल नावाचा कारागीर. सकाळपासून तो सगळ्यांना डबल ग्लासचे गुण ऐकवत होता. ऊन आत येत नाही, गारवा बाहेर जात नाही, एसीचं बिल निम्म्यावर येतं. घरात एसी नव्हता. एक पंखा होता, तोही खडखडायचा. पण शहाणपण शिकवायला एसी कशाला लागतो?

खरी गोष्ट अशी, की सुनीलला घर बंद करायचं होतं. त्याची आई ठकूबाई तिथे एकटी राहायची. पावसाळ्यात ती पायरीवर घसरली, आणि सुनीलने ठरवून टाकलं. खिडक्या बसल्या की घराला कुलूप आणि आई कायमची घणसोलीला. नव्या कुलपाच्या दोन्ही चाव्या त्याने आधीच आपल्या कडीत अडकवल्या होत्या.

हे ऐकून ठकूबाईने एकच विचारलं होतं. “सांच्याला देवाला दिवा कोण लावील रे?”

“बल्ब लावलाय ना, आई. टायमरवाला. सातला आपोआप लागतो.”

“बरं,” ती म्हणाली होती. आई समंजस आहे, असं सुनीलने बायकोला फोनवर सांगितलं.

पुढची मोठी खिडकी उघडायची नव्हतीच. मधोमध अख्खी काच. गजसुद्धा नकोत, असं सुनीलने बजावलं होतं. गज लावले की तुरुंग वाटतो म्हणे.

“जी उघडतच नाही ती चोर उघडणार कशी? लॉजिक हाय ना काका?” मुंबईत राहूनही तावातावात त्याचं ‘हाय’ निसटायचंच.

हैबती राहुलच्या शेजारी उकिडवा बसून चौकट न्याहाळत होता. “एवढी काच आत बसते कशी रे?”

“या आतल्या बाजूच्या पट्ट्या बघा, काका. काच ठेवायची, वरून पट्ट्या दाबायच्या. काच बदलायची झाली तर पटाशीने पट्टी उचकटायची. सोपं काम आहे.”

“काका, हे तुमच्या डोक्यावरून जाणार,” सुनील म्हणाला. “मागच्या दारी जा, आई चहा देईल.”

हैबती मागच्या दारी गेला. चहा प्यायला त्याला बराच वेळ लागला.

थोड्या वेळाने ठकूबाई राहुलसाठी कप घेऊन पुढे आली आणि चौकटीपाशी थांबली. चौकट एका बाजूने पांढरी होती, दुसऱ्या बाजूने सागवानी. टीव्हीच्या कपाटाला जुळावा म्हणून सागवानी रंग आत येणार होता.

“रंग आत रे कशाला?” ती म्हणाली. “आत बघायला कोण हाय? मी तर तुज्यासंगं चालले. भायेर लाव की. जाणारायेणारा बघंल तरी.”

सुनीलने रस्त्याकडे पाहिलं. पलीकडे चुलतभाऊ मालोजीचं घर होतं. मालोजीच्या खिडक्या साध्या ॲल्युमिनियमच्या. आईला जन्मात पहिल्यांदा काहीतरी सुचलं, असं त्याला वाटलं.

“राहुल, उलटी लाव.”

“साहेब, कंपनी तसं लावू देत नाही. पावसाचं पाणी...”

“सिलिकॉन भर. पैसे मी देतोय ना?”

पैसे देणाऱ्यापुढे शहाणपण चालत नाही. राहुलने उलटी लावली. जाताना सुनीलने हैबतीसमोर चाव्या खुळखुळवल्या. “आता उघडून दाखवा, काका!” हैबती नुसता हसला.

घणसोलीला ठकूबाईने तक्रारीचा शब्द काढला नाही. रोज सातला तेवढं विचारायची, “दिवा लागला काय रे?” सुनीलने घरात कॅमेरा बसवला होता, त्यातलं चित्र तो मोबाइलवर दाखवायचा. बल्ब लागलेला असायचा. ती बघायची आणि मोबाइल परत द्यायची.

चौथ्या रविवारी, पाचाडला बहिणीकडे चार दिवस जाऊन येते, म्हणाली. सुनीलने स्वतः तिला पहाटेच्या एसटीत बसवलं.

दुपारी जेवताना मोबाइल वाजला. कापड्याच्या घरात हालचाल.

काचेपलीकडे हैबती होता. हातात पटाशी. एक पट्टी निघाली, दुसरी निघाली, चारही निघाल्या. हैबतीने आणि आणखी एकाने ती अख्खी काच उचलून अलगद भिंतीला टेकवली. साधा ओरखडा नाही.

“चोर! हलकट म्हातारा!” सुनीलने घास टाकला आणि घाईघाईने मालोजीला फोन लावला. पडद्यावर काचेपाशी उभ्या माणसाने खिशातून मोबाइल काढला, नाव पाहिलं आणि मोबाइल परत खिशात ठेवला.

मग चौकटीतून आधी एक पिशवी आत आली. पाठोपाठ लुगड्याचा काठ वर धरून ठकूबाई आत उतरली. तिने टायमरचा बल्ब काढून कपाटावर ठेवला. देव्हाऱ्यात वात पेटवली. सुनीलने हौसेने बसवलेला दाराचा आतला बोल्ट सरकवला. कॅमेऱ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

“भावजी,” ती खिडकीतून हैबतीला म्हणाली, “उद्या चौकट सरळ करून लावा. गावाला रंग दिसून झाला.”