आऊमास्तरांची उजळणी

"आधी तोंड मोठं उघडा, मग ओठांचा चंबू," मास्तरांची बायको म्हणाली. "आऊ."

मास्तरांनी टेबलावरच्या आरशात पाहिलं. तोंड उघडलं, पण चंबू एकाच बाजूने झाला. दुसरी बाजू रुसल्यासारखी लोंबत राहिली.

"आ... अ."

"ऊ राहिला की. परत."

तिने टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. 'हाऊ, नाऊ, टाऊन,' खणखणीत आवाज खोलीभर घुमला. 'दोन स्वर, श्वास एक. पहिल्यावरून दुसऱ्यावर घसरा, उडी मारू नका.'

आवाज मास्तरांचाच होता, विद्यार्थ्यांसाठी पूर्वी कधी भरलेल्या कॅसेटमधला. तो लागला की ते मान खाली घालत.

तीस वर्षं त्यांनी याच खोलीत इंग्रजी उच्चार शिकवले. नर्सिंगच्या मुली, हॉटेलात नव्याने लागलेली पोरं, परदेशी सुनेशी बोलायची हौस असलेल्या सासवा, सगळ्यांना याच आरशासमोर बसवून वेडीवाकडी तोंडं करायला लावली. रोज सकाळी स्वतःही अर्धा तास करत. खिडकीतून आवाज बाहेर जाई, म्हणून गल्लीत नाव पडलं आऊमास्तर. नवी नवरी म्हणून आली त्या आठवड्यात, आरशासमोर जबडा ताणून उभा असलेला नवरा पाहून ती दारातूनच मागे फिरली होती. पुढे अंगवळणी पडलं. "आज कोणतं माकड?" असं विचारून ती चहा ठेवून जाई.

त्या सोमवारीही विचारलं होतं. मास्तर आरशासमोर उभे होते, तोंड डावीकडे ओढलेलं.

"अहो, आज फारच वाकडं केलंत," ती हसून म्हणाली.

त्यांनी आरशातूनच तिच्याकडे पाहिलं. "आऊ," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नर्सिंगच्या मुलींची तोंडी परीक्षा होती आणि आज शेवटची उजळणी. चालली असेल जोरात तयारी, असं म्हणत ती आतल्या खोलीत शिवणाच्या मशीनवर जाऊन बसली. तासाभराने बाहेर धपकन आवाज झाला. मास्तर कोसळले होते.

"अर्धांगवायूचा झटका आहे. तोंड वाकडं झालं तेव्हाच आणलं असतंत, तर वाचा एवढी गेली नसती," डॉक्टर म्हणाले. "घरात कोणी नव्हतं का?"

"मी बाजारात गेले होते," ती म्हणाली.

का म्हणाली, तिचं तिलाच कळलं नाही. पण एकदा तोंडातून गेलं ते गेलं. लेकीलाही तेच सांगितलं, शेजारणीलाही तेच. बाजारातून काय काय आणलं तेही एकीने विचारलं, तेव्हा भाज्यांची नावंसुद्धा घेऊन झाली.

खरं काय ते एकाच माणसाला ठाऊक होतं. आणि त्या माणसाला बोलतं करण्यासाठी ती सकाळ-संध्याकाळ घसा कोरडा करत होती.

वाचेचे व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली होती, "ओठ आणि जबडा हलेल असं काहीही चालेल, आजी. त्यांच्या सवयीचं असेल तर उत्तमच." मग कपाटातून कॅसेटी निघाल्या. अक्षरओळख जेमतेम असलेली मास्तरीण नवऱ्याला इंग्रजी स्वर शिकवायला बसली.

कधी वाटे, आज चुकतंय तर चुकू दे. कॅसेट उचलून ठेवावी. मग स्वतःचीच किळस येई आणि ती तोच स्वर आणखी दहा वेळा म्हणून घेई.

पहिल्याच महिन्यात तिने त्यांच्या डाव्या हातात पाटी-पेन्सिल दिली होती. "जमेल तसं लिहा. काय ते मनातलं."

मास्तरांनी पाटी बाजूला सारली आणि भिंतीकडे तोंड केलं.

तिला वाटलं, समजलं मला. बोल लावायलासुद्धा नको झालेय मी यांना.

चौथ्या महिन्यात ऊ आला. मग 'पाणी' आलं, 'दार' आलं. एका सकाळी "चहा... थंड" असं म्हणाले आणि ती हसता हसता पदराने डोळे पुसत बसली. आपलं खोटं उघडं पडायला आता फार दिवस उरले नाहीत, हेही तिला त्याच क्षणी कळलं.

रविवारी लेक आली. बाबांनी तिला नावाने हाक मारली तेव्हा तिला रडू आवरेना. जेवणं झाल्यावर तिघं त्याच खोलीत बसली.

"आई, कमाल केलीस गं तू," लेक म्हणाली. "बाबांची शिष्या बाबांच्याच मानगुटीवर बसली. फक्त त्या दिवशी बाजार अर्धा तास उशिरा केला असतास ना..."

"मी नव्हते गेले बाजारात."

लेकीने मान वर केली.

"घरातच होते मी. तोंड वाकडं झालेलं या डोळ्यांनी बघितलं. सराव करतायत म्हणून हसले आणि जाऊन शिवत बसले. एक तास. डॉक्टरांशी खोटं बोलले, तुझ्याशीही बोलले. यांच्या तोंडून कळण्याआधी मीच सांगते. काय बोलायचं ते बोल मला."

लेक वडिलांकडे पाहू लागली.

मास्तरांनी डाव्या हाताने आरसा घेतला आणि टेबलावर पालथा घातला. इतक्या महिन्यांत आरशाशिवाय ते एक शब्दही बोलले नव्हते. मान खाली गेली, ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"उठलो... तेव्हाच... वाकडं होतं."

"अहो, राहू द्या आता. दमाल," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. एकेक शब्द जुळवायला वेळ लागत होता, पण ते थांबले नाहीत.

"तू... लगेच... नेलं असतंस. मुलींची... उजळणी... बुडाली असती." त्यांनी श्वास घेतला. "तुला... फसवायला... म्हणालो... आऊ."