फळ्यावरची साडी

सत्त्याण्णव साली सुरतेच्या पांडेसरा या गिरणी कामगारांच्या वस्तीत निंबा आपल्या गल्लीतल्या फळ्यावर खडूनं बातम्या लिहायचा. नळाला कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलचं गुलाबी पाणी येतंय, असं त्यानं लिहिलं आणि नगरसेवकाचा निरोप आला, “पक्षाची बदनामी होते. यापुढं काही लिहायचं नाही.” निंबानं फळा पुसला, त्यावर बायकोची साडी टांगली आणि शेजारी विडी ओढत बसला. “निंबाभाऊ, आत काय लिहिलंय?” जो तो विचारायचा. “सांगायला बंदी आहे.” संध्याकाळपर्यंत गर्दी जमली आणि निवडणुकीनंतर न फिरकलेला नगरसेवकही धावत आला. त्यानं साडी ओढली. फळा कोरा होता. “मग झाकलास कशाला?” “न लिहिलेलं कोणी वाचू नये म्हणून, साहेब,” म्हणत निंबानं बायकोला हाक मारली, “पाहुणे आलेत, पाणी आण.” तिनं गुलाबी पाण्याचा पेला पुढं केला. साहेब पितात का, अख्खी गल्ली बघत राहिली.