तोंडावर सांगणारी माणसं

“उद्या,” खिडकीआडचा कारकून म्हणाला आणि हसला.

हे चौथं उद्या होतं. बाईने कट्ट्यावर पर्स आपटली. “यांना विचारा, यांच्या देशात आज नावाचा दिवस असतो की नाही?”

शेजारी उभा असलेला दुभाष्या निवृत्त शिक्षक होता. त्याने बाईचं एक वाक्य घेतलं आणि कारकुनाला सात वाक्यं दिली, तीही मऊ आवाजात, मान हलवत. कारकून पुन्हा हसला आणि त्याने चहा मागवला.

वजनमापं तपासण्यात बाईची तीस वर्षं गेली होती. दुकानदाराचा काटा पाच ग्रॅमने खोटा असला तरी तिला नजरेने कळायचं. निघण्याआधी तिच्या कचेरीतल्यांनी बजावलं होतं, तिथली माणसं कधी नाही म्हणत नाहीत, उद्या म्हणतात आणि चहा पाजतात. तेव्हा तिने त्यांनाच झापलं होतं, अख्ख्या देशाला एका मापाने मोजू नका म्हणून. आता परत गेल्यावर त्यांची माफी मागायची पाळी आली होती, आणि माफी मागणं तिला अजिबात आवडत नसे.

तिच्या देशाबद्दल इथे काय बोलतात, तेही दुभाष्याने एकदा भीत भीत सांगितलं होतं. तुमची माणसं म्हणे खरं ते तोंडावर मारतात, समोरच्याचं काय होईल ते बघत नाहीत. बाईला ती स्तुतीच वाटली. बरोबर ऐकलंय, ती म्हणाली होती.

इस्पितळाच्या या खिडकीवर तिचं मागणं एकच होतं. नवऱ्याला घरी न्यायचं. सहलीच्या पाचव्या दिवशी ते हॉटेलच्या जिन्यात कोसळले, तेव्हापासून तिची रोजची सकाळ इथेच उजाडत होती. घरी मुलीचे दिवस भरत आलेले. डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायलाही बंदी केली होती. बाळ यायच्या आत दोघांनी पोचायला हवं होतं. त्यासाठी कागदावर एक सही हवी होती, आणि सही करणारे साहेब सुटीवर होते. येणार कधी, तर उद्या.

बाकी गोष्टींचीही तीच तऱ्हा. नवऱ्याला हलवलं होतं त्या खालच्या खोलीत गारठा फार होता. यांना थंडी सोसत नाही, एखादं पांघरूण तरी घाला, म्हणून ती दोनदा भांडली. परिचारिकेने तिचा हात हातात घेतला, मान डोलावली आणि काहीच केलं नाही. निघताना नवऱ्याच्या अंगावर असावा म्हणून तपकिरी कोट इस्त्रीला टाकला होता. दुपारी नक्की, असं सांगून धोब्याने दोन दुपारी खाल्ल्या.

चहा आला. बाईने कपाला हातही लावला नाही. ती वळसा घालून कचेरीत शिरली आणि साहेबांच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली.

“सांगा यांना. साहेब येईपर्यंत मी इथून हलत नाही. आणि हे सात वाक्यांत सांगू नका.”

दुभाष्याने ते तीन वाक्यांत सांगितलं. सुटीवरचे साहेब दहा मिनिटांत शेजारच्या खोलीतून आले. बाईने खुर्ची सोडली. त्यांनी तिच्याकडे न बघता कागद भरला, सही केली आणि तो दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

चष्मा लावून ती दुभाष्याला अर्थ विचारत एकेक रकाना तपासू लागली. तेवढ्यात फोन वाजला. मुलगी होती. बाबांना फोन दे म्हणत होती.

“झोपलेत गं,” बाई म्हणाली. आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. “आत्ताच चार घास पोटात गेलेत. बाळाचं नाव सुचलंय म्हणत होते, पण मला सांगायला तयार नाहीत. तू पडून राहा.”

दुभाष्या भिंतीकडे बघू लागला.

फोन बंद करून बाईने कागद साहेबांपुढे सरकवला आणि एका रकान्यावर बोट आपटलं.

“मृत्यूचा वार चुकलाय. शनिवार नाही, शुक्रवारी पहाटे गेले ते. खरं काय ते लिहा.”