तिसरं जाळं

“सुतात दम नाई राह्यला. पयले सूत कसं, दोरीवानी राहे,” मुखरू घरापुढच्या सपरीत बसून पुटपुटला. बांबूची सुई फासातून गेली, गाठ आवळली आणि कुरकुर पुढच्या गाठीवर सरकली.

आत चुलीपाशी कमळाला ती कुरकुर गोड लागत होती. सासरा कुरकुरतो म्हणजे हात चालू आहेत. तालुक्याच्या गावी, मूलच्या बाजारात नायलॉनची जाळी आली, तेव्हापासून पंधरा वर्षं म्हाताऱ्यानं तोंड मिटलं होतं. कुरकुरायलासुद्धा माणसाच्या हातात काहीतरी असावं लागतं.

कमळा लग्न होऊन आली तेव्हा या घराला ऐनाच्या झाडाच्या सालीचा वास होता. सालीच्या काढ्यात बुडवलेली सुती जाळी अंगणभर वाळत असायची. आसपासच्या सात गावांतले मासे धरणारे ढिवर लेकीच्या लग्नात जावयाला मुखरूच्या हातचंच जाळं द्यायचे. मग तो वास गेला. कधी गेला, हेही कोणाच्या ध्यानात आलं नाही. दोन महिन्यांपूर्वी तो परत आला.

आणला रुपालीनं, कमळाच्या लेकीनं. मूलला कॉम्प्युटर शिकायला जायची, तिथल्या कॅफेतून तिनं आबाजीच्या, म्हणजे मुखरूच्या, जुन्या जाळ्याचा फोटो इंटरनेटवर विकायला टाकला. लंडनच्या कोण्या माणसाचा ईमेल आला. हॉटेलच्या भिंतींवर टांगायला अशी तीन लहान जाळी हवी होती. शेजारची अंजनाबाई म्हणाली, “आता म्हातारा धोतर नेसून इमानात बसन.” मुखरू उठला. माळ्यावर चढला आणि सुई काढून आणली.

रुपालीनं तीन जाळ्यांचे दहा हजार सांगितले. लंडनवाल्यानं भाव केला नाही. पहिलं जाळं संपलं आणि चेक आला, तोही पौंडांतला, चाळीस हजारांच्या मोलाचा. सोबत पत्र होतं. वरचे तीस हजार आमच्या जहाजवाल्या माणसाला मुंबईत पाठवा, पैसे मिळाले की तो माल न्यायला येईल.

बँकेतल्या साहेबांनी चेक दोनदा उलटून पाहिला. “परदेशी चेक आहे, वटायला दोन महिने लागतील. तोवर कोणाला एक रुपया पाठवू नका,” ते म्हणाले. आणखी काही बोलणार होते, पण कमळाच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी मुकाट्यानं शिक्का मारला. कॅफेवाल्या अमरनं रुपालीला असल्या खोट्या चेकांबद्दल काहीतरी सांगितलं. रुपालीनं ते घरी सांगितलं नाही. कमळाच्या नवऱ्यानं, देवानंदनं, जेवताजेवता एवढंच म्हटलं, “पाहू.” घरात सगळ्यांना एकच गोष्ट ठाऊक होती आणि ती सपरीच्या उंबऱ्याशी येऊन मागे फिरत होती. बाहेर म्हाताऱ्याची सुई चालू होती ना.

ईमेलवर ईमेल येत राहिले. काल शेवटचा आला. आज दुपारपर्यंत तीस हजार पोचले नाहीत, तर सौदा रद्द.

सकाळी कमळानं तांदळाच्या कोठीत हात घालून डबा वर काढला. रुपालीच्या नर्सिंगच्या फीचे पैसे होते ते, चार वर्षं डोक्यावर मासोळीची टोपली वाहून जमवलेले. तिनं ते पदराला बांधले. पाठवले तर बुडतील, हे तिला कळत होतं. पण खरं निघालं तर? एवढी एक चिमूटभर आशा तिनं महिनाभर देवापुढच्या दिव्यासारखी जपली होती. आणि नाही पाठवले, तर ती सुई परत माळ्यावर जाईल.

नऊची बस होती. ती सपरीत आली. रुपाली आबाजीच्या मांडीला मांडी लावून बसली होती. पहिल्या दिवशी बसली होती ती फोटो काढायला. ही गाठ कशी, ती गाठ कशी, असं विचारताविचारता दुसरी सुई कधी हातात घेतली, तिचं तिलाच कळलं नव्हतं. तिसरं जाळं जवळजवळ सगळं तिच्याच हातचं होतं. मुखरू त्याच्या कडेला शिशाचे मणी ओवत होता.

निघताना काहीतरी बोलायला हवं, म्हणून कमळा बोलली. “मामाजी, भिंतीवर टांगाच्या जाळ्याले शिसं कायले लावून राह्यले?”

“शिसं नाई लावलं तं बुडन कसं?”

“भिंतीवर?”

म्हाताऱ्यानं मान वर केली. त्याची नजर तिच्या तोंडावर नव्हती, पदराच्या गाठीवर होती. जन्मभर गाठी मारलेल्या माणसाला ती चुकणार थोडीच.

“बस जाते तं जाऊ दे,” तो म्हणाला. “आपन तळ्यात दाना टाकतो, तो काही मासोळीच्या मायेनं नाई टाकत.”

कमळा होती तिथंच उंबऱ्यावर बसली. रुपालीची सुई थांबली. फाट्यावर बसचा हॉर्न वाजला आणि लांब गेला.

“तुमाले कधी समजलं, मामाजी?”

“चेक आला त्याच दिवशी. भाव न करता वरून पैसे देनारं गिऱ्हाईक मी मूलच्या बाजारात पन्नास वर्षांत नाई पाह्यलं.”

“मंग विनत काऊन राह्यले?”

मुखरूनं रुपालीच्या हातातलं जाळं ओढून पाहिलं. एक गाठ सैल निघाली. ती त्यानं सोडली आणि जाळं परत तिच्याकडे सरकवलं.

“तिकडं कोनी गिऱ्हाईक नाई, बाई,” तो म्हणाला. “पन मी हे तवाच सांगतलं असतं, तं पोरगी पयल्याच जाळ्यावर उठून गेली असती.”