कमरेची उशी

दिवसभर बसून फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकता ऐकता तिची कंबर धरली. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, दर तासाला पाच मिनिटं उठायचं. एरवी जागचं हलायची सोय नव्हती. आता ती हक्काने खिडकीशी जाऊन उभी राहायची.

साहेबांना पुळका आला. दुकानात स्वतः चार उशा पाठीला लावून बघून त्यांनी एक आणली आणि तिच्या खुर्चीला बांधली. "बसा आता निवांत. उठायचं नाव नको!"

उशी गुणाची निघाली. आठवड्यात कंबर ठणठणीत, आणि चिठ्ठी रद्द.

संध्याकाळी ऑफिससमोरच्या पाळणाघरातून घेताना लेकीने विचारलं, "आई, तू आता खिडकीतून टाटा का करत नाहीस?"



दुसऱ्या दिवशी, कंबर पुन्हा धरावी म्हणून, तिने उशी वीतभर वर बांधली.