चांगली माती

बंद पडलेल्या कीटकनाशक कारखान्याची जमीन विषाने पार नासली होती. प्रयोगशाळेने तिच्यात लोखंडाची अतिसूक्ष्म भुकटी आणि विष खाणारे जंतू सोडून दोन वर्षं वाट पाहिली. तुलनेसाठी चांगली माती हवी म्हणून मदतनीस बाईंनी आपल्या परसातली डबाभर माती मोठ्या कौतुकाने आणून दिली होती. ती आधी तपासावी, असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

आज दोन्ही मातींचे आकडे आले. साहेब खुशीत म्हणाले, "बाई, कमाल झाली. कारखान्याची माती चांगल्या मातीपेक्षाही स्वच्छ निघाली."

टाळ्या थांबायच्या आत बाईंनी घरी सुनेला फोन लावला.

"परसातला पालक खाऊ नकोस गं."

"आजचा खाल्ला की, आई. पाच महिने तुम्हीच तर रोज खुडून देताय, बाळासाठी."