डावीकडचे बारा

आतड्यातून कोंडा निघाला.

इनासने चिमटा खाली ठेवला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. काचेच्या बशीत तपकिरी कोंड्याचे कण, चांगले चिमूटभर. उंदीर डावीकडच्या रांगेतला होता. डावीकडच्या बारा पिंजऱ्यांत कोंडा जाता कामा नये, यावर तर तिचा अख्खा प्रबंध उभा होता.

गोष्ट तशी साधी होती. उजवीकडच्या बारा उंदरांना कोंडा घातलेलं खाणं, डावीकडच्या बारांना तेच खाणं बिनकोंड्याचं. चोथा पोटात गेला की अन्नातलं लोह आतड्याच्या भिंतीतून रक्तात कमी शिरतं, एवढंच तिला दाखवायचं होतं. म्हणजे डावीकडच्यांच्या रक्तात लोह जास्त भरायला हवं. पण चार वर्षांत तीनदा नवे उंदीर आणले आणि तिन्ही वेळा दोन्ही रांगांचे आकडे सारखेच. तिने रक्त तपासायचं यंत्र बदललं. पाणी बदललं. पिंजऱ्यांच्या सळ्यांवरसुद्धा संशय घेतला. जर्मनीतल्या एका तज्ज्ञाला सात पत्रं लिहिली, त्याने सातही वेळा यंत्र तपासायला सांगितलं. डावीकडचे उंदीर पीठ उरवत, ते तिने उकाड्याच्या माथी मारलं. तिच्या नाकीनऊ आले होते.

आज दोन वाजता मार्गदर्शक कैरोहून येणार होते. या चौथ्या खेपेलाही फरक दिसला नाही तर पीएचडीतून तुझं नाव काढून टाकतो, असं त्यांनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. सकाळी आकडे आले, पुन्हा सारखेच. आजवर ती नुसतं रक्त तपासत आली होती. आज वैतागून तिने पोटच उघडलं.

बशी घेऊन ती तडक पिंजऱ्यांच्या खोलीत गेली. उंदरांना खाऊ घालणारे बसियूनी काका स्टुलावर बसून चहा पीत होते.

"काका, हे काय आहे?"

त्यांनी बशीत डोकावून पाहिलं. "कोंडा."

"ते मलाही दिसतंय. डावीकडच्याच्या पोटात कसा आला?"

"रोटीतून. कोंड्यासकट पिठाची असते ना." काकांनी पेला खाली ठेवला. "वरच्या खानावळीत पोरं अर्धी अर्धी रोटी टाकून उठतात. आता रोटी काय केरात टाकायची? हराम आहे ते. मी उचलतो, ओठाला लावतो, कपाळाला लावतो आणि यांना देतो. रोज एकेकाला पाव रोटी. शुक्रवारीसुद्धा चुकवत नाही."

"सगळ्यांना देता?"

"सगळ्यांना कशाला? उजवीकडच्यांना तुम्ही कोंडा घालताच की. हे बिचारे डावीकडचे नुसत्या पांढऱ्या पिठावर. एका छपराखाली असा दुजाभाव बरा दिसतो का?"

इनास भिंतीला टेकली. यंत्र बरोबर होतं. पाणी बरोबर होतं, सळ्या बरोबर होत्या. दोन्हीकडचे उंदीर कोंडा खात होते, म्हणून दोन्हीकडचे आकडे सारखे येत होते. चार वर्षं ती ज्या आकड्यांना शिव्या घालत होती, ते खरं तेच सांगत होते. घड्याळात एक वाजून गेला होता आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझी चार वर्षं तुम्ही या बारा तोंडांत घातलीत, काका. दोन वाजता माझं नाव जाणार आहे. रोज समोरून जाते मी तुमच्या. एका शब्दाने सांगता आलं नाही?"

काका घाबरले नाहीत. उलट तेच जरा वैतागले. हातावरचा रोटीचा भुगा त्यांनी नीट, एकही कण खाली न सांडता, जवळच्या पिंजऱ्यात झटकला.

"डॉक्टरबाई, यांच्या अंगी काय लागतं ते तुम्ही चार वर्षं मोजताय," ते म्हणाले. "हे खातात काय, ते मला कधी विचारलंत?"